वरचा डावा कोपरा

शनिवारी वाचनालय दोनला बंद होतं, त्यामुळे अडीचपर्यंत तो घरी आला. बायको संगणकासमोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, काम उरकल्यावर माणूस बसतो तशी. आणि पडद्यावर चौदा खिडक्या उघड्या होत्या. चौदा हे त्याने नंतर मोजलं. आधी दिसला तो नुसता गोंधळ. एकीवर एक चढलेल्या चौकटी, त्यांत एक कॅल्क्युलेटर, एक जगाचा नकाशा, चित्र काढायचा एक कोरा कागद, दोनदा उघडलेलं घड्याळ, आणि सगळ्यांच्या वर हवामान सांगणारी खिडकी. तिच्यात लिहिलं होतं, "'डाव्या भुवईपाशी' या नावाचं गाव सापडलं नाही."

"आज भरपूर झालं," बायको म्हणाली. तिने मान वळवली ती त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याच्या जरा पलीकडे. सरळ बघितलं की तिला माणसाच्या जागी राखाडी डाग दिसायचा, म्हणून माणूस बघायचा तर ती त्याच्या शेजारी बघायची. "दीड-दोन तास बसले होते. मध्ये उठलेसुद्धा नाही. वाचून दाखवायला लावा ना त्याला. आवाज बंद केलाय का तुम्ही? सकाळपासून गप्पच आहे."

"थांब," तो म्हणाला. "बघतो."

खरं म्हणजे बघायचं काही राहिलं नव्हतं. बावीस वर्षं संगणकांचंच काम करत आलेल्या माणसाला दारातूनच कळलं होतं. काल संध्याकाळी त्याने नवी आवृत्ती चढवली होती. सकाळी बायकोने रोजच्यासारखा माऊस वर डावीकडे ढकलला. त्या कोपऱ्यात तिची वही असायची. आता तिथे वही नव्हती. आता त्या कोपऱ्यात बाण गेला की सगळ्या खिडक्या बारीक होऊन मागे सरकत आणि मध्ये एक शोधायची पट्टी उघडे, काय हवंय ते लिहा म्हणून. बायकोने लिहिलं. परिच्छेद संपला की एंटर मारला. पट्टीने त्या परिच्छेदातला आपल्याला समजला तेवढा तुकडा उचलून कुठला तरी प्रोग्रॅम उघडला, बाकीचं पुसून टाकलं, आणि बाण कोपऱ्यातच असल्यामुळे पुन्हा उघडली. असं चौदा वेळा. दोन तासांत तिच्या हातून सहा-सात पानं सहज व्हायची. ती पानं कुठेही नव्हती.

तिला टाइप करताना बघायला लागायचं नाही. तीस वर्षं ती स्टेनो होती. साहेब बोलायचे आणि हिची बोटं त्यांच्यामागून चालायची, बऱ्याचदा बरोबरीने, कधी कधी पुढेही. साहेब विचारात पडले की ती बोटं तशीच कीबोर्डवर टेकवून थांबायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. ह्या थांबण्याचाच मला पगार आहे, असं ती घरी येऊन म्हणायची. तिच्या हातच्या कामात चुका सापडत नसत. पाच वर्षांपूर्वी नजरेच्या मधोमध डाग पडला आणि वाढत गेला. डॉक्टरांनी दोनदा इंजेक्शन दिलं, तिसऱ्या वेळी खांद्यावर हात ठेवला. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, असं सांगितलं. मधलं म्हणजे काय ते घरी आल्यावर हळूहळू कळत गेलं. मधलं म्हणजे अक्षरं, सुईचं नेढं, दुधावर आलेली साय, आणि माणसांचे चेहरे. तेव्हापासून घरात एकच कडक नियम झाला: कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. साखरेचा डबा डावीकडून दुसरा म्हणजे दुसरा. कुणी येऊन गेलं की तो त्यांच्यामागे खुर्च्या पुन्हा टेबलाशी लावत फिरायचा. बाबा, तुम्ही म्युझियमचे पहारेकरी दिसता, असं लेक म्हणायची, आणि त्याला ते आवडायचं. संगणकावरही एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेऊन त्याने तिच्यासाठी तसंच करून दिलं होतं. माऊस कसाही ढकलला तरी बाण शेवटी कोपऱ्यात जाऊन अडतोच, तिथे नेम धरावा लागत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात वही. खालच्या डाव्यात वाचून दाखवणं. खालच्या उजव्यात वही ठेवून देणं. वरच्या उजव्यात लेकीला फोन. प्रत्येक कोपऱ्यात गेलं की यंत्र एका बाईच्या कोरड्या आवाजात सांगायचं, "वही उघडली", "वही ठेवली". चार वर्षं हे चाललं. ह्या चार कोपऱ्यांत बायकोला त्याची गरज लागत नसे, आणि गरज लागत नाही ह्याचं तिला केवढं समाधान होतं ते त्याला ठाऊक होतं, कारण बाकी सगळीकडे लागायची.

"झालं का?" ती म्हणाली.

"आवाजाचं काहीतरी बिघडलंय. करतो मी. तू जेवलीस का?"

"तुम्ही आधी थांब म्हणालात," बायको म्हणाली. "तुम्ही थांब म्हणता तेव्हा काहीतरी बुडालेलं असतं. लग्नानंतर गॅसची नळी सुटली होती तेव्हाही थांबच म्हणाला होतात."

मग त्याने सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात तो वाचनालयात लोकांना समजावतो तो सूर आला, नवी आवृत्ती, जुने छोटे प्रोग्रॅम तिच्यात चालत नाहीत, पट्टी, एंटर. आणि तो सूर त्याला स्वतःलाच ऐकू आला तरी त्याला तो थांबवता येईना. ती ऐकत होती. कपाळाला आठी नाही, काही नाही. त्याचं संपल्यावर तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हणजे मी दोन तास हवेत टाइप केलं."

"काय काय लिहिलं होतंस? सांग ना. मी बसतो, तू सांग."

"राहू दे," ती म्हणाली, आणि उठून भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरात गेली. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. चहा झाला, दोघांनी घेतला. तिने लेकीला फोन करण्यासाठी कोपरा शोधला नाही आणि त्याने लावून देऊ का विचारलं नाही.

त्याला काहीही करून ती पानं परत मिळवायची होती. शनिवारची ती सगळी दुपार तो उकरत बसला. शोधायची पट्टी आपल्यात लिहिलेलं कुठेतरी लक्षात ठेवते का, हे पाहिलं. ठेवत नव्हती. वापरणाऱ्याचं खासगीपण जपलं जावं म्हणून पट्टीने काहीच साठवायचं नाही असं मंडळात मतदानाने ठरलं होतं, आणि त्याने स्वतः बाजूने मत दिलं होतं. मंडळ म्हणजे संगणक चालवणाऱ्या ह्या फुकट प्रणालीवर काम करणाऱ्या लोकांची ईमेलवरची टपालयादी. प्रणालीला मालक नव्हता. कुठकुठले लोक फावल्या वेळात ती घडवत होते, आणि ह्याने उमेदीच्या वर्षांत त्या गोष्टीवर जीव ओवाळून टाकला होता. विकतच्या प्रणालीवाले तुम्हाला न विचारता तुमचं घर बदलतात, आपलं तसं नाही, इथे आपणच घरमालक, असं तो भेटेल त्याला सांगायचा. वाचनालयातले अठरा संगणक त्याने एकट्याने ह्या प्रणालीवर आणले. मेनूमधले शब्द मराठीत आणायचं काम निघालं तेव्हा पहिले अडीचशे शब्द त्याने केले, म्हणजे दोघांनी केले. ती तेव्हा डोळस होती आणि लेक अजून लहान होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तो मोठ्याने म्हणायचा, "कर्तन करा," आणि ती खो खो हसायची. "कर्तन? न्हावी आहे का तो? कापा म्हणा की सरळ." झालेली चूक मागे घ्यायची जी आज्ञा असते तिच्यासाठी त्याने "पूर्ववत करा" काढलं. ती म्हणाली, चूक झाल्यावर घरात कुणी पूर्ववत म्हणतं का, राहू दे म्हणतं. त्यावर दोघं इतकी हसली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. पाठवताना त्याने पूर्ववतच पाठवलं. ते अडीचशे शब्द आवृत्तीमागून आवृत्ती कमी होत गेले. कापायच्या जागी कात्रीचं चित्र आलं, मग चित्रही तीन टिंबांच्या आत गेलं. कालच्या आवृत्तीत तर मेनूच नव्हता. काल संध्याकाळी ती स्वच्छ, मोकळी पाटी पडद्यावर आल्यावर तो खुर्चीत मागे रेलला होता आणि मनाशी म्हणाला होता, सुंदर केलंय. हे त्याला आता आठवलं. बदलांची यादीही त्याने वाचली होती. पंचेचाळीस-शेहेचाळीसाव्या ओळीत स्पष्ट होतं: जुने जोडप्रोग्रॅम बंद होतील. ती ओळ त्याने वाचली होती आणि वाचून पुढे गेला होता. मंडळात पहिल्याच दिवशी आवृत्ती चढवणारे म्हणून जी दहा-बारा नावं असत, त्यांत आपलं नाव असावं, एवढ्यासाठी.

खिडक्या एकेक बंद करत तो हवामानापर्यंत आला. डाव्या भुवईपाशी. तिथे त्याचा हात थांबला. बायकोच्या वहीत काय असतं हे तो जाणून होता. भिंतीपलीकडून तो कोरडा आवाज रोज वाचून दाखवायचा आणि तो पेपर वाचल्याचं सोंग करत ऐकायचा. ती चेहरे लिहीत होती. नजरेतून गेलेले चेहरे आठवणीतूनही झिजायला लागलेत असं तिला वाटायला लागलं, तेव्हा आठ महिन्यांपूर्वी तिने ठरवलं की आहेत तोवर उतरवून काढायचे. लेकीचा चेहरा: कपाळ माझं, हनुवटी मात्र कुणाचीच नाही, तिची तिनेच आणलेली. आईचा, आईच्या शेवटच्या दिवसांतला वेगळा. खालच्या शिंपीणबाईंचा. दातांच्या डॉक्टरांचा, त्यात त्यांचेच दात पुढे आलेले असल्याबद्दल चार ओळी. जुन्या साहेबांचा. पोस्टमनसुद्धा येऊन गेला, एकेचाळीसावा. आपला नंबर कधी लागणार हे त्याने विचारलं नव्हतं, पण पोस्टमनच्या दिवशी तो संध्याकाळभर घुश्शात होता. वहीची फाईल सुरक्षित आहे ना हे बघायचं म्हणून त्याने ती उघडली, आणि थेट शेवटी गेला. शुक्रवारी तिने फक्त मथळा टाइप करून ठेवला होता. "ह्यांचा चेहरा." खाली काही नव्हतं.

ती आत पडली होती, पण झोपलेली नव्हती. झोपलेल्या माणसाचा श्वास तो ओळखत होता. त्याला वाटलं उठावं, आत जावं, पलंगाच्या कडेला बसावं. पण बसून म्हणायचं काय? तू माझा चेहरा लिहिलास तो मी कॅल्क्युलेटरमध्ये घालवला? त्याने हात लावून डावी भुवई चाचपली. तिथे काय होतं? लहानपणी पडल्याची खूण की काय, एक बारीक खड्डा. आरशात तो रोज दाढी करायचा आणि त्याला हा खड्डा गेल्या तीस वर्षांत दिसला नव्हता. तिला दिसला होता, दिसत नसताना.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. आईने काल फोन का केला नाही म्हणून. त्याने सांगितलं. "मग जुनं परत टाका ना बाबा," लेक म्हणाली. "एवढं काय त्यात?" एवढं काय त्यात हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता. जुनी आवृत्ती मिळाली असती. कोपऱ्यांचा तो छोटा प्रोग्रॅम मिळत नव्हता. अपडेट होताना तो काढून टाकला गेला होता, आणि जिथून चार वर्षांपूर्वी उतरवून घेतला त्या पानावर आता फक्त एक सूचना होती. त्याने ती वाचली. "आई गेल्या वर्षी गेली. हा प्रोग्रॅम तिच्यासाठी केला होता. आता सांभाळायला मन होत नाही, म्हणून काढून घेत आहे. इतकी वर्षं ज्यांनी वापरला त्यांचे आभार." खाली टोपणनाव होतं, कंदील. चार वर्षांत त्याने हे नाव एकदाही पाहिलं नव्हतं. फुकट मिळालेल्या वस्तूवर कारागिराचं नाव कोण बघतं. आणि ह्याला मात्र भाषांतरकारांच्या यादीत आपलं नाव कुणी बघत नाही ह्याचं बावीस वर्षं दुःख होतं. कंदील नाव ओळखीचं वाटलं. मंडळाच्या जुन्या टपालात त्याने ते शोधलं. अकरा वर्षांपूर्वीचं एक पत्र निघालं.

पत्र लांबलचक होतं, नवख्या माणसाचं, नमस्कारापासून सुरू झालेलं. माझ्या आईला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. पडद्याच्या कोपऱ्यांत आपल्याला हवी ती कामं नेमता येतात ही तुमची सोय तिला फार उपयोगाची आहे. पुढच्या आवृत्तीत ती काढून टाकणार असं वाचलं. कृपया ठेवता येईल का? माझ्याकडून काही काम हवं असेल तर शिकून करीन. त्याखाली मंडळाचं उत्तर होतं. उत्तर त्याच दिवशी, अकरा मिनिटांत दिलेलं. "ही सोय फारच थोड्या लोकांच्या उपयोगाची आहे. सवय होईल. तक्रार बंद." आणि खाली सही. मंडळात सगळे त्याला ज्या नावाने ओळखत, ज्या नावावर तो मनातून खूश होता, ती सही. हेडमास्तर.

त्याला आठवेना. हेच सगळ्यात वाईट होतं. पत्र आठवेना, उत्तर आठवेना, तो दिवसही नाही. त्या महिन्यात नवी आवृत्ती यायची होती आणि त्याआधी तुंबलेल्या तक्रारी निकालात काढायच्या, ही त्यांची रीत होती. तेराशे तक्रारी होत्या आणि ह्याने एकट्याने चारशेच्या वर बंद करून दाखवल्या होत्या. त्याबद्दल मंडळाने कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. ते पत्र मात्र आठवत होतं. ह्या चारशेंतल्या प्रत्येकीमागे कुणाची तरी आई असेल असं थोडंच, असं त्याने स्वतःशी म्हणून बघितलं, आणि कंदिलाचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या कंदिलाने नंतर वाद घातला नाही. शिव्या दिल्या नाहीत. कुठून तरी शिकला, स्वतः प्रोग्रॅम लिहिला, दर आवृत्तीला तो मोडायचा तेव्हा दर आवृत्तीला दुरुस्त करत राहिला, दहा वर्षं. आणि शेवटची चार वर्षं त्या प्रोग्रॅमवर हेडमास्तरांची बायको चालत होती. त्याने संगणक बंद केला. बायको खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. दाणे एका ताटात, सालं दुसऱ्यात, दोन्ही ताटं नेमल्या जागी. "सापडलं का काही?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला. ह्या वेळी तो थांब म्हणाला नाही, त्यामुळे तिला कळलं नाही.

सोमवारी वाचनालयातही नवी आवृत्ती होती. अठराही संगणकांवर त्यानेच शनिवारी सकाळी चढवली होती, बायको घरी कोपरा शोधत असेल त्याच वेळी. रोज पेपर वाचायला येणारे एक वयस्कर वाचक तिसऱ्या संगणकासमोर उभे होते, बसलेसुद्धा नव्हते. पूर्वी खाली पट्टीवर 'वर्तमानपत्रं' असा शब्द होता. तो शब्द त्याचाच होता. "साहेब," ते म्हणाले, "पेपर गेला हो माझा. मी काही केलं नाही. मी हातसुद्धा लावला नाही." घाबरलेल्या मुलाने आधीच सांगून टाकावं तसं ते दोनदा म्हणाले, मी हात लावला नाही. त्याच्या जिभेवर 'सवय होईल' हे दोन शब्द तयार होते. बावीस वर्षांत हजार वेळा म्हटले असतील, आणि म्हणताना माणसाच्या पाठीवर हलकेच थापही मारली असेल. त्याने ते गिळले. "नाही काका, तुम्ही काही केलं नाहीत," तो म्हणाला. "मी केलं." वाचकांना ते विनयाचं वाटलं. छे छे, तुम्ही कशाला, असं म्हणून ते उलट त्याचीच समजूत घालायला लागले.

त्या दुपारी त्याने कंदिलाला पत्र लिहिलं. पहिलं दीड पान झालं, ते पुसलं. दुसऱ्यात माफी होती. वाचून पाहिली तर तीसुद्धा त्याच सुरात आलेली, जणू आणखी एक तक्रार निकालात काढतो आहे. तीही पुसली. शेवटी तीन ओळी राहिल्या. माझ्या पत्नीला मधलं दिसत नाही. तुमच्या प्रोग्रॅमवर ती चार वर्षं लिहीत होती. जुनी प्रत असल्यास मिळेल का. खाली सही केली नाही, पण सही न करून सुटका नव्हती. पत्त्यातच हेडमास्तर होता. बुधवारी उत्तर आलं. पत्रात एक शब्दही नव्हता. नमस्कार नाही, नाव नाही. फक्त प्रोग्रॅमची फाईल जोडलेली होती. तो त्या कोऱ्या पत्राकडे बराच वेळ बघत बसला. चार खरमरीत ओळी असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडण तरी झालं असतं. फाईल उघडली तर आत जागोजागी टिपा होत्या, स्वतःसाठी केलेल्या. इथे उशीर ठेवू नये, आईला वाटतं लागलंच नाही. आवाज बाईचा ठेवावा, पुरुषाच्या आवाजाला ती ओ देते. ह्या टिपा पुसल्या तरी प्रोग्रॅमला फरक पडला नसता. त्याने एकही पुसली नाही.

नव्या आवृत्तीत तो बसवायला त्याला तीन दिवस लागले. गुरुवार, शुक्रवार त्याने रजा घेतली. एकसष्ट वर्षांची बोटं, चष्म्याचे दोन नंबर, आणि ज्या तरुणांनी ही पाटी कोरी केली त्यांना एक अक्षर विचारायचं नाही असा हट्ट. विचारलं असतं तर तासाभरात झालं असतं, पण काय उत्तर येईल ते त्याला पाठ होतं. बायको त्या दिवसांत संगणकाच्या खोलीत आली नाही. ती फारसं काही म्हणालीही नाही. जेवताना एकदा म्हणाली, "फार लावून घेऊ नका. माझं काही अडलं नाही." अडलं नाही हे तिने इतक्या सरळ सांगितलं की त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. आठ महिने तिला रोज सकाळी घाई असायची. आता ती सकाळी उशिरापर्यंत पडून राहायला लागली होती.

दुसऱ्या रविवारी सकाळी त्याने तिला हाक मारली. ती आली, खुर्चीची पाठ हाताने शोधली, बसली. माऊस हातात घेतला आणि क्षणभर तशीच राहिली. मग वर डावीकडे ढकलला.

"वही उघडली," यंत्र म्हणालं.

तिच्या चेहऱ्यावर हसू येईल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त मान हलवली, सामान नीट पोचल्याची पावती द्यावी तशी. बोटं कीबोर्डवर गेली. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. मग चार-पाच कळा वाजल्या, मग मागे पुसायची कळ तितक्याच वेळा वाजली.

"मागच्या शनिवारी होतं तसं लिही ना," तो म्हणाला. "तुला तर वीस वर्षांपूर्वीचं डिक्टेशन आठवतं."

"दुसऱ्याचं आठवतं." ती पडद्याकडे तोंड करूनच बोलत होती. "त्या दिवशी एकदम आला होता चेहरा. सकाळी तुम्ही दारातून निघालात, कुलपाचा आवाज झाला, आणि आला. सगळा आला. कितीतरी महिने येत नव्हता, म्हणून तर मागे ठेवला होता तुम्हाला. पोस्टमनला आधी घेतलं म्हणून तुम्ही फुगला होतात, कळलं होतं मला." ती थांबली. "लिहून टाकलं की माझं डोकं ते सोडून देतं. ऑफिसची सवय. आता प्रयत्न केला की आवाज येतो तुमचा. खोकला येतो. चेहरा नाही येत."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं.

"तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. "मथळा आहेच. तुम्ही सांगा, मी घेते."

तिने पाठ ताठ केली, बोटं कळांवर टेकवली आणि थांबली. साहेब विचारात पडले की ती अशीच थांबायची. त्याने हात वर नेऊन भुवईपाशी लावला. एक बारीक खड्डा, असं सुरू करता आलं असतं. नाक, कान, पांढरे झालेले केस, हे सगळं सांगता आलं असतं, आणि तिने ते बिनचूक उतरवून घेतलं असतं. ते कुणाचंही असू शकलं असतं. तिला जो दिसला होता तो त्याला ठाऊक नव्हता. त्याला स्वतःबद्दल खात्रीने सांगता येईल असं गेल्या रविवारपासून एकच उरलं होतं.

"लिही," तो म्हणाला. "ही सोय फारच थोड्या लोकांच्या उपयोगाची आहे."

बोटं चालली. तिने काही विचारलं नाही. डिक्टेशनमध्ये विचारायचं नसतं.

"पूर्णविराम. सवय होईल. पूर्णविराम. तक्रार बंद."

"पुढे?"

"एवढंच."

तिने माऊस खाली डावीकडे नेला. कोरड्या आवाजाने वाचून दाखवलं, एका सुरात, मथळ्यापासून. "ह्यांचा चेहरा. ही सोय फारच थोड्या लोकांच्या उपयोगाची आहे. सवय होईल. तक्रार बंद."

"कुणाचं आहे हे?"

"माझं. अकरा वर्षांपूर्वीचं. कोपरे काढू नका म्हणून एकाने पत्र लिहिलं होतं. त्याच्या आईला तुझ्यासारखंच होतं. मी हे उत्तर दिलं. मग त्याने कोपरे स्वतः केले. तुझे कोपरे त्याचेच आहेत. गेल्या वर्षी त्याची आई गेली, त्याने सोडून दिले."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या रविवारी. तू शेंगा सोलत होतीस."

तिने मान वळवली. नेहमीसारखी त्याच्या खांद्याच्या पलीकडे नाही, सरळ त्याच्याकडे. म्हणजे त्याच्या जागी असलेल्या डागाकडे. बाहेरची गाडी सुरू होऊन निघून गेली होती. तो वाट बघत होता की ती ते पुसेल. पुसायची कळ तिच्या उजव्या करंगळीखालीच होती.

मग ती पुन्हा पडद्याकडे वळली, माऊस खाली उजवीकडे ढकलला, आणि तो कोपऱ्यात जाऊन अडला.

"वही ठेवली," यंत्र म्हणालं.